वावराचे चित्र : चित्रकार अंबादास यांच्याविषयी काही विचार

काही वर्षांपूर्वी वऱ्हाडातील एका धर्मग्रामात मुलांची चित्रकला स्पर्धा होती. विषय होता ‘माझे गाव’. परीक्षक म्हणून आम्हा तिघांना बोलावले होते. मिस्सा आटोपल्यावर सभागृहातल्या लांब बाकांवर साठ-सत्तर कागद मांडून ठेवले होते आणि आम्ही ते एकेक करून पाहत होतो. दहा-बारा कागद पाहून झाल्यावर एक गोष्ट लक्षात आली. जवळजवळ प्रत्येक कागदावर दोन त्रिकोणी डोंगर होते, त्यांच्या मधोमध उगवणारा सूर्य होता, डोंगरातून वळणे घेत येणारी निळी नदी होती, काठावर लाल कौलांचे घर होते आणि घराला लागून एक नारळाचे झाड होते. अकोला-अमरावतीकडचा मुलूख ज्यांनी पाहिला आहे त्यांना यातली गंमत वेगळी सांगायला नको. पूर्णेच्या खोऱ्यातली ती सपाट, काळी, उघडी भूमी. तिथे डोंगर दिसलाच तर उत्तरेच्या क्षितिजावर गाविलगडाच्या रांगेची एक निळसर रेघ दिसते. बांधावर बाभूळ, कडुनिंब, एखादे बोरीचे झुडूप. नारळ दिसायचा तो पूजेच्या ताटात किंवा वाण्याच्या दुकानात.

मुलांनी आपले गाव पाहिले नव्हते असे कसे म्हणावे? रोज ती त्याच धुळीतून शाळेत जात होती. परंतु गाव पाहणे ही एक गोष्ट आणि ‘गावाचे चित्र’ पाहणे ही दुसरी. चित्र म्हणून जे त्यांच्या डोळ्यांत बसले होते ते पाठ्यपुस्तकातून, दिनदर्शिकेवरून, सलूनच्या भिंतीवरून आले होते. हाती कागद मिळताच त्यांनी गाव बाजूला ठेवले आणि चित्र काढले.

त्या ढिगात एकच कागद वेगळा होता. पाचवीतल्या एका मुलीने साऱ्या कागदभर काळ्या, तपकिरी आणि राखी रंगाचे आडवे फटकारे ओढले होते. मध्येच कोठे तांबूस झाक होती. डोंगर नाही, घर नाही, माणूस नाही. आमच्यातल्या एका परीक्षकांनी तिला जवळ बोलावून विचारले, “बाळ, यात गाव कुठे आहे?” ती खाली बघत म्हणाली, “हे आमचं वावर हाय. पेरनीच्या आंधीचं.” आम्ही तिघेही हसलो. चित्र अपूर्ण आहे, असा शेरा त्यावर पडला. पहिले बक्षीस नारळाच्या झाडाला गेले. मीही त्यालाच अधिक गुण दिले होते, हे येथे नमूद केले पाहिजे.

अंबादास या चित्रकाराची चित्रे मी पुढे जसजशी लक्षपूर्वक पाहू लागलो, तसतसा तो कागद मला वारंवार आठवू लागला. त्या मुलीच्या आणि या थोर कलावंताच्या कामाची तुलना करण्याचा माझा हेतू नाही. तथापि ‘यात गाव कुठे आहे?’ हा आम्ही विचारलेला प्रश्न अंबादास यांच्या चित्रांपुढे उभा राहणारा प्रत्येक मराठी माणूस मनातल्या मनात विचारतोच. त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा हा एक प्रयत्न आहे.

अंबादास खोब्रागडे यांचा जन्म १९२२ साली अकोल्यात झाला. चित्रांवर त्यांनी आडनाव कधी मिरवले नाही. कलाजगतात ते नुसते ‘अंबादास’ म्हणूनच ओळखले गेले. आरंभी काही काळ अहमदाबादेस रविशंकर रावळ यांच्याकडे शिकून ते मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत आले आणि १९५२ साली तेथील पदविका घेऊन बाहेर पडले. त्या काळी त्या कलाशाळेत शंकर पळशीकर शिकवीत होते. तेही विदर्भातलेच, भंडारा जिल्ह्यातील साकोलीचे. त्याच शाळेतून चार वर्षे आधी पदविका घेतलेले वासुदेव गायतोंडे हे घराण्याने गोव्याचे, पण जन्माने नागपूरचे. आकृती टाकून देऊन निखळ रंगाकडे वळणाऱ्या भारतीय चित्रकारांत दोन अग्रगण्य नावे विदर्भाच्या मातीत जन्मलेल्यांची असावीत, हा योगायोग असेलही. परंतु तो विचार करावयास लावणारा आहे.

पदविकेनंतर अंबादास यांनी विणकर सेवा केंद्रात नोकरी धरली. पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या या केंद्रांत त्या काळी अनेक तरुण चित्रकार काम करीत. हातमागावर विणल्या जाणाऱ्या कापडासाठी नक्षीचे आराखडे तयार करणे, रंगांचे मेळ जमविणे, विणकरांशी बोलणे हे त्यांचे काम असे. कापसाच्या गावी जन्मलेला मुलगा, ज्याच्या लहानपणी अकोल्याच्या बाजारात कापसाच्या गाड्या लागत आणि जिनांचा भोंगा वाजे, तो पुढे कापडाच्या धाग्यापाशी येऊन पोहोचला. चरित्रातला हा धागा मला महत्त्वाचा वाटतो आणि त्याकडे मी पुढे परत येणार आहे.

ऑगस्ट १९६२ मध्ये गुजरातेतील भावनगर येथे काही चित्रकार-शिल्पकार एका घरी जमले. त्या घराचा क्रमांक १८९०. तेवढ्यावरून त्यांनी आपल्या मंडळाचे नाव ‘ग्रुप १८९०’ असे ठेवले. जगदीश स्वामिनाथन, जेराम पटेल, हिम्मत शाह, गुलाममोहम्मद शेख, ज्योती भट्ट, राघव कनेरिया, एरिक बोवेन आदी बारा जणांच्या त्या मंडळात अंबादास होते. ऑक्टोबर १९६३ मध्ये दिल्लीत त्यांचे प्रदर्शन भरले. पंडित नेहरूंनी त्याचे उद्घाटन केले आणि त्याच्या पुस्तिकेची प्रस्तावना त्या वेळी मेक्सिकोचे भारतातील राजदूत असलेले कवी ऑक्टाव्हिओ पाझ यांनी लिहिली. मंडळाच्या जाहीरनाम्याचा रोख स्पष्ट होता. राजा रविवर्म्याच्या तैलचित्रांतून आलेला हुबेहूबपणा नको, बंगाल शैलीचा हळवा प्राचीनपणा नको आणि पॅरिसहून उसनी आणलेली आधुनिकताही नको. चित्र हे दुसऱ्या कशाचे तरी चित्र असण्याऐवजी स्वतःच एक वस्तू, एक घटना असावे, असे त्यांचे म्हणणे होते. ते पहिले प्रदर्शन मंडळाचे अखेरचेही ठरले. पण त्यातल्या बहुतेकांनी पुढे आपापल्या वाटेने भारतीय कलेला वळण दिले.

अंबादास सत्तरीच्या दशकाच्या आरंभी नॉर्वेला गेले आणि ऑस्लोत स्थायिक झाले. आयुष्याची अखेरची चाळीसएक वर्षे त्यांनी त्या बर्फाळ देशात काढली आणि २०१२ साली तेथेच त्यांचे निधन झाले. अकोल्याचे मे महिन्यातले ऊन आणि ऑस्लोचा डिसेंबर यांच्यामध्ये पसरलेले हे आयुष्य आहे.

आता चित्रांकडे वळू. अंबादास यांच्या प्रौढ काळातील तैलचित्रांची ठेवण एकदा पाहिली की ती विसरता येत नाही. प्रथम एक शांत, सपाट भूमी असते: कधी राखी, कधी गेरूसारखी, कधी विटकरी, कधी मळकट निळी. त्या भूमीवरून कुंचल्याच्या रुंद फटकाऱ्यांचा एक लोंढा जातो. जवळ जाऊन पाहावे तर प्रत्येक फटकाऱ्याच्या पोटात तीन-चार रंग एकमेकांत पूर्णपणे न मिसळता शेजारी शेजारी वाहत असतात, जसे पहिल्या पावसात नाल्याला गढूळ आणि स्वच्छ पाणी काही अंतर बरोबर वाहते. फटकाऱ्याच्या कडा तुटतात, पिंजल्या जातात, पुन्हा जुळतात. एक फटकारा वळतो आणि त्याच्या पाठीवर दुसरा येतो. डोळा एखाद्या ठिकाणी थांबू पाहतो, पण चित्र त्याला थांबू देत नाही. झाडाची साल, वितळलेला दगड, पुराच्या पाण्यातील भोवरे, आगीची धग असे काय काय आठवते आणि त्यातले काहीच तिथे नाही हेही त्याच क्षणी जाणवते.

गायतोंडे यांच्याशी तुलना केली म्हणजे हा विशेष अधिक स्पष्ट होतो. गायतोंडे यांच्या चित्रात रंगाचे थर एकावर एक बसतात, खरवडले जातात, आणि शेवटी एक निःशब्द प्रकाश उरतो. त्यांच्यापुढे माणूस आपोआप आवाज खाली आणतो. अंबादास यांच्या चित्रात शांतता भूमीला असते, वरचा सारा व्यवहार अस्वस्थ असतो. गायतोंडे यांचे चित्र ‘झाल्यावर’ आपल्यापुढे येते. अंबादास यांचे चित्र आपल्या डोळ्यांदेखत होत राहते. एकाला पाहताना ध्यानाची आठवण यावी, दुसऱ्याला पाहताना श्रमाची.

अकोल्याचा चित्रकार म्हटल्यावर आपल्याकडचा रसिक येथे एक सोपा निष्कर्ष काढतो. तो म्हणतो, ‘ही तर वऱ्हाडची काळी माती! उन्हाळ्यात भेगा पडलेली, पावसात चिकट झालेली.’ मीही कित्येक वर्षे असेच म्हणत होतो. आता मला तो निष्कर्ष पुरेसा वाटत नाही. ज्या चित्रकाराने आयुष्यभर ‘माझे चित्र हे कशाचेही चित्र नव्हे’ अशी भूमिका सांभाळली, त्याच्या कॅनव्हासवर मातीची पाटी लावून मोकळे होणे हे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. शिवाय त्यात आपला एक आळसही लपलेला आहे. ओळखीची वस्तू सापडली की पाहणे संपते. नारळाच्या झाडाऐवजी भेगाळलेली जमीन, एवढाच काय तो फरक. डोळ्याची सवय तीच. आणि काळ्या मातीशी नाते नसलेल्या परदेशी प्रेक्षकापुढेही ही चित्रे तितक्याच जोमाने उभी राहतात, त्याचे काय करायचे?

मग मुळांचा प्रश्न सोडूनच द्यायचा का? मला तसे वाटत नाही. मूळ आणि फूल यांत दिसण्याचे साम्य नसते. कपाशीच्या मुळाकडे पाहून बोंडाची कल्पना कोणालाही येणार नाही. कलावंताची मुळे त्याच्या विषयांत शोधण्याऐवजी त्याच्या हाताच्या सवयीत, त्याच्या कामाच्या लयीत, त्याच्या धीराच्या जातीत शोधावीत असे मला वाटते.

याचे एक उदाहरण माझ्या घरातले देतो. पूर्णेकाठच्या आमच्या खेड्यात माझी आजी आठवड्यातून दोनदा घर सारवीत असे. शेणामातीचा काला घेऊन ती उकिडवी बसे आणि उजव्या हाताने अर्धवर्तुळाकार फटकारे मारीत मागे मागे सरके. एक फटकारा, त्याला लागून दुसरा, त्याच्या कडेवर तिसरा. वाळल्यावर साऱ्या भुईवर ते अर्धगोल उमटलेले असत. सकाळच्या तिरप्या उन्हात ते फार देखणे दिसत. त्या सारवणात कशाचेही चित्र नसे. त्याला सुरुवात किंवा मध्य किंवा शेवट नसे. दोन दिवसांत पावलांनी ते पुसले जाई आणि आजी पुन्हा बसे. तिला कोणी कलावंत म्हटले असते तर तिने पदर तोंडाला लावून हसून घेतले असते. पण तिच्या हातात एक माप होते, एक वेग होता आणि तोच फटकारा हजार वेळा मारूनही कंटाळा न करण्याची एक ताकद होती.

अंबादास यांचे फटकारे सारवणातून आले, असा दावा मी करीत नाही. तसे म्हणण्यास आधार नाही. माझे म्हणणे एवढेच की तीच ती क्रिया पुन्हा पुन्हा करीत राहण्याची आणि प्रत्येक वेळी ती नवी करण्याची जी वृत्ती त्यांच्या चित्रांत आहे, ती खेड्यातल्या कष्टाच्या जगात घरोघर आढळते. डवरणीचे तास, पेरणीच्या ओळी, कापूस वेचणाऱ्या बाईची दिवसभराची वाकण, मागावरचा धोटा यांना एकच लय आहे. विणकरांच्या सहवासात काढलेल्या वर्षांनी ही लय अंबादास यांच्या हातात अधिक मुरवली असेल, असा तर्क केला तर तो अवाजवी ठरू नये. विणकर कापडावर फूल काढो अथवा न काढो, उभ्या-आडव्या धाग्यांचे येणे-जाणे हेच त्याच्या कापडाचे सत्य असते. अंबादास यांच्या चित्रातही रंगाचे येणे-जाणे हेच सत्य आहे.

आपल्या समाजातील वाचकांना या ठिकाणी दुसऱ्या एका चित्रकाराची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. आंजेलो द फोन्सेका यांचा जन्म १९०२ साली गोव्यातील सांतेस्तेव या बेटावजा गावात एका मोठ्या कॅथोलिक कुटुंबात झाला. वैद्यकीचा अभ्यास सोडून ते चित्रकलेकडे वळले, मुंबईहून थेट बंगालमध्ये अवनींद्रनाथ ठाकूर यांच्याकडे गेले आणि परत आल्यावर त्यांनी पवित्र मरियेला लुगडे नेसविले. तिच्या कपाळावर कुंकू, पायांत चपला नाहीत, हातात बाळ; मागे आपल्याकडची झाडे, आपल्याकडची माणसे. त्या काळच्या गोव्यातील प्रतिष्ठितांना ते रुचले नाही. फोन्सेका पुण्याला आले, तेथील ख्रिस्त प्रेमसेवा आश्रमाने त्यांना आसरा दिला आणि १९६७ साली मृत्यू येईपर्यंत पुणे हीच त्यांची कर्मभूमी राहिली. आज त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह गोव्यात पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात जतन केलेला आहे. ज्याला गावाने दूर सारले त्याला गावाने पुन्हा घरात घेतले, पण त्यासाठी बरीच वर्षे जावी लागली.

मुळांशी नाते जोडण्याचे हे दोन मार्ग आहेत. फोन्सेका यांनी आपली मुळे दाखविली. वेश, चेहरा, बसण्याची ढब, घरातली भांडी या सर्वांतून त्यांनी सांगितले की प्रभूची आई आपल्या घरातली आहे. ज्या समाजाच्या घराघरांत युरोपातून छापून आलेले पवित्र हृदयाचे चित्र टांगलेले होते, त्या समाजाला हे सांगणे अत्यावश्यक होते आणि ते सांगायला धैर्य लागत होते. अंबादास यांनी मुळे दाखविण्याचे नाकारले. त्यांच्या चित्रात ना लुगडे, ना पगडी, ना बैलगाडी. ग्रुप १८९० च्या दृष्टीने तर फोन्सेका ज्या शाळेतून आले ती बंगाल शाळा हळवेपणाची धनीण होती.

पण या दोघांना परस्परांविरुद्ध उभे करण्याचे कारण नाही. फोन्सेका यांच्या मार्गावर एक धोका होता आणि त्यांच्यानंतर आलेल्या अनेकांना तो टाळता आला नाही. वेश बदलला म्हणजे काम झाले, अशी समजूत त्यातून वाढते. फोन्सेका यांची मरिया भारतीय वाटते ती तिच्या लुगड्यामुळे फारच थोडी. तिच्या मानेच्या झुकावामुळे, तिच्या थकलेल्या खांद्यांमुळे ती आपली वाटते. नंतरच्या अनुकरणांत लुगडे राहिले आणि खांदे हरवले. अंबादास यांची चित्रे पाहिल्यावर आपल्या लक्षात येते की खांद्यातला तो थकवा, ते वजन, वस्त्राशिवाय आणि चेहऱ्याशिवायही रंगात उतरविता येते. एकाला पाहून दुसऱ्याला पाहण्याचा डोळा तयार होतो.

येथे आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे. ‘ग्रामीण जीवनातून प्रेरणा घेणारा चित्रकार’ असे शब्द आपण फार सहज वापरतो. त्या शब्दांमागे एक गोड गाव गृहीत धरलेले असते. डोक्यावर घागर घेतलेली स्त्री, हसरा शेतकरी, सजवलेली बैलजोडी. पोळ्याच्या दिवशी बैल सजतात हे खरेच आहे आणि त्या दिवसाचा आनंदही खोटा नाही. पण वऱ्हाडचे गाव एवढेच नव्हते. गावाला वेस होती आणि वेशीबाहेरही माणसे राहत होती. नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली, तेव्हा तेथील अंबादेवीच्या मंदिरात सर्वांना प्रवेश मिळावा हा प्रश्न ऐरणीवर होता. त्या वेळी अकोल्यात अंबादास पाच वर्षांचे होते. पुढे ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे गाण्यास स्पष्ट नकार दिला. आणि अलीकडचे म्हणाल तर गेल्या तीसेक वर्षांत याच अमरावती विभागातून शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या वार्ता सातत्याने येत राहिल्या. आपल्या धर्मग्रामांतल्या धर्मगुरूंनी आणि सिस्टरांनीही अशा घरांचे उंबरे चढले आहेत.

अशा मुलखातून आलेल्या कलावंताने गावाचे गोजिरे चित्र काढले नाही, तर त्यात आश्चर्य ते कोणते? त्याच्या नकारात मला एक प्रामाणिकपणा दिसतो. गाव सुंदर आहे असे म्हणणे खोटे, गाव भयाण आहे असे म्हणणेही अर्धेच खरे. या दोन्ही विधानांच्या खाली जे असते, ते जगण्याचे घुसळणे, त्याला आकार देण्याऐवजी त्याची गती तेवढी अंबादास यांनी धरली. त्यांच्या चित्रांत दुःख आहे का? मी नेमके सांगू शकणार नाही. पण त्यांत सोपा आनंद नाही आणि स्वस्त सांत्वनही नाही.

गुणांबरोबर उणिवाही सांगणे हे समीक्षेचे कर्तव्य आहे. अंबादास यांची वाट एकदा ठरल्यावर ती फारशी बदलली नाही. जवळजवळ अर्धशतक त्यांनी एकाच रीतीने काम केले. एकत्र मांडलेली दहा चित्रे पाहिली तर पाचव्या-सहाव्यापाशी डोळा सरावतो आणि आठव्यापाशी थकतो. काही चित्रांत फटकाऱ्यांचा जोर कायम असतो, परंतु त्यांना एकत्र बांधणारा ताण सैल पडलेला असतो. मग तो लोंढा न राहता नुसता नक्षीचा पट्टा होतो. विणकर केंद्रातली वर्षे येथे त्यांना मदत करीत होती तशी आडही येत असावीत, अशी शंका येते. कापडावर जी पुनरावृत्ती गुण असते ती कॅनव्हासवर प्रत्येक वेळी गुण ठरत नाही. शिवाय माणसाचा चेहरा संपूर्णपणे वर्ज्य केल्यामुळे या कलेला एक मोलाची गोष्ट कायमची गमवावी लागली. करुणा ही बहुधा चेहऱ्याच्या वाटेने येते. आईने मुलाकडे पाहणे, भुकेल्याने भाकरीकडे पाहणे, हे अंबादास यांचा कुंचला कधीच सांगू शकला नाही. त्यासाठी आपल्याला फोन्सेका यांच्याकडेच परत जावे लागते.

तरीही सर्व जमाखर्च मांडल्यावर माझ्या मनात जे उरते ते ऋण आहे. शेंडगावचे गाडगेबाबा हातात खराटा घेऊन गावे झाडीत फिरले आणि देव दगडात शोधू नका, भुकेल्या माणसात शोधा, असे सांगत राहिले. त्यांच्या खराट्याने धुळीत जे फराटे उमटत असतील त्यांना कोणी चित्र म्हणणार नाही. पण त्या झाडण्याने लोकांचे डोळे धुतले गेले. अंबादास यांच्या चित्रांनी माझ्यापुरते तेच काम केले. माझ्या डोळ्यांतली दोन डोंगरांची आणि नारळाच्या झाडाची ती जुनी चौकट त्यांनी झाडून काढली. तेव्हा कोठे मला माझ्या आजीचे सारवण पहिल्यांदा दिसले, जे मी लहानपणी रोज पायाखाली तुडवीत होतो.

आपल्या मुलांना चित्रे काढायला आपण हौसेने बसवितो, स्पर्धा भरवितो, बक्षिसे देतो. ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले काही कागदावर आणले, तर ते ओळखण्याइतकी आपली तयारी आहे काय? वसईच्या मुलाने वाडीतला पाट आणि केळी पाहिल्या असतील, पुण्याच्या मुलीने जिना आणि पत्र्याचे छप्पर पाहिले असेल, वऱ्हाडच्या मुलीने पेरणीआधीचे वावर पाहिले असेल. परीक्षकाने त्यात आधी गाव शोधायचे नसते. आधी पाहायचे असते आणि मग, जमले तर, विचारायचे असते.

ती मुलगी आता मोठी झाली असेल. ती चित्रे काढते की नाही, मला ठाऊक नाही. त्या दिवशी बक्षीस समारंभ संपल्यावर मुलांनी आपापले कागद उचलून नेले. तिचा कागद बाकावरच राहिला होता आणि सभागृह झाडणाऱ्या बाईंनी तो गुंडाळून कचऱ्याबरोबर बाहेर नेला. मी ते दाराशी उभा राहून पाहिले. त्यांना थांबवून तो मागून घ्यावा, असे मला तेव्हा वाटले नाही.